अल्को शंटर ओळखायला मदत हवी: एस-१, एस-२, एस-३ का एस-४?

सीडरहिलचा_भाडेकरू:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कनेक्टिकटला राहतो, बेसमेंटमध्ये एचओ स्केलचा (१:८७) मॉडेल रेल्वेचा लेआउट चालू आहे, न्यू हेवन रेल्वेचं सीडर हिल यार्ड, म्हणजे अख्खं नाही हो, तेवढं मोठं बेसमेंट अमेरिकेतही कुणाकडे नसतं, त्यातल्या चार-पाच लाइन आणि एक टर्नटेबल एवढंच. साल धरलंय १९४८. ते का, तर माझ्याकडे न्यू हेवनचं आय-५ वाफेचं इंजिन आहे, ते बायकोने चाळिशीला दिलेलं आणि ते पळवायचं तर वाफ आणि डिझेल दोन्ही असलेला काळच पाहिजे.

आता मुद्दा. जानेवारीत वेस्ट स्प्रिंगफील्डच्या शोला गेलो होतो. एका टेबलावर एका म्हाताऱ्या आजोबांच्या मागे राहिलेला माल विकायला होता, त्यात दोन काळी-नारिंगी शंटर (यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारी इंजिनं) मिळाली, डबा नाही, कागद नाही, खालचा शिक्का घासून गेलेला. दोन्ही मिळून ऐंशी डॉलर. विकणारा म्हणाला अल्को एस आहेत, म्हणजे अल्को ह्या अमेरिकन कंपनीच्या एस मालिकेतली. कुठला एस विचारलं तर खांदे उडवले.

घरी आणून शेजारी-शेजारी ठेवली तर पहिल्या नजरेला जुळी भावंडं. लांबी सारखी (पट्टीने मोजली, दोन्ही साधारण १५९ मिमी), केबिन सारखी, हँडरेल सारखे. मग तासभर बघत बसल्यावर फरक दिसायला लागले. एकाचं धुराडं बारीक आहे, दुसऱ्याचं जाड. एकाच्या चाकांच्या साइडफ्रेम (बाजूच्या चौकटी) वेगळ्या दिसतात, दुसऱ्याच्या वेगळ्या. एकावर ०९५४ नंबर, दुसऱ्यावर ०९५९. दोन्हीच्या केबिनवर मोठ्ठा एन आणि त्याच्या खाली तेवढाच मोठा एच.

इंटरनेटवर वाचलं तर एक म्हणतो बोगी (डबा नव्हे, खालची चाकांची गाडी) बघा, एक म्हणतो धुराडं बघा, एक म्हणतो रेडिएटर बघा, आणि माझ्या पहिल्या इंजिनात हे तिन्ही एकमेकांशी भांडतायत. धुराडं म्हणतं एस-१ आणि बोगी म्हणते एस-३. ही काय भानगड आहे? आणि १९४८ च्या यार्डात ही चालतील का?

फोटो खाली लावलेत, मोबाइलचे आहेत, गोड मानून घ्या.


रंकाळा_एक्सप्रेस:

भावा सोप्पं आहे की. बोगी बघायची आणि विषय संपवायचा. ब्लंट बोगी असली तर एस-१ किंवा एस-२, एएआर बोगी असली तर एस-३ किंवा एस-४. तुझं ०९५४ एएआर वर आहे म्हणजे एस-३, दुसरं ब्लंट वर आहे आणि धुराडं जाड म्हणजे एस-२. झालं. एवढा तासभर बघत कशाला बसलास, चहा पिऊन यायचं.

इंजिनं लई भारी आहेत पण, ऐंशी डॉलरला दोन म्हणजे तू लुटलंस त्याला.


जर्सीची_ताई:

रंकाळा, थांब जरा, एवढ्या घाईने शिक्का मारू नकोस. बोगी ही शेवटी बघायची गोष्ट आहे. मी स्वतः बोगीवरून एक एस-२ एस-४ समजून घेतलेलं आहे आणि अजून ते कपाटात माझ्याकडे बघून हसतं.

भाडेकरू, आधी हे समजून घे की ही चार मॉडेल म्हणजे खरं तर दोन प्रश्नांची चार उत्तरं आहेत. पहिला प्रश्न: आत टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आहे का नाही. दुसरा प्रश्न: खाली बोगी कुठली.

इंजिन चारही मॉडेलमध्ये एकाच घराण्यातलं, अल्कोचं ५३९, सहा सिलिंडर एका ओळीत. साधं ५३९ असेल तर ६६० हॉर्सपॉवर, ते एस-१ आणि एस-३ मध्ये. टर्बो लावलेलं ५३९टी असेल तर १००० हॉर्सपॉवर, ते एस-२ आणि एस-४ मध्ये. आता टर्बो लावला की जास्त ताकद, जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, म्हणून रेडिएटर मोठा लागतो, आणि धूर बाहेर काढायची वाट पण मोठी लागते. बाहेरून जे फरक दिसतात ते सगळे इथूनच आलेत, कुणी ड्रॉइंगवाल्याने हौस म्हणून काढलेले नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं ना की पाठ करायला लागत नाही.

तर मी बघते ती पहिली जागा म्हणजे हूडच्या (इंजिनावरच्या लांब पेटीच्या) बाजूला, अगदी पुढे, नाकाजवळ, रेडिएटरच्या झडपा. तो चौकोन उभा आहे का आडवा? रुंदीपेक्षा उंची जास्त, म्हणजे आपल्या जुन्या वाड्याच्या खिडकीसारखा उभा असेल तर ६६० वालं. आडवा पसरलेला असेल तर १००० वालं. उभी खिडकी ६६०, आडवी खिडकी १०००. मी माझ्या मुलाला हे शिकवलं तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि आता तो मला चुका दाखवतो.

मग धुराडं. एस-१ आणि एस-३ ला बारीक, खाली गोल बैठक. एस-२ आणि एस-४ ला जाड, आणि बैठक पण मोठी, लांबट. पण मॉडेलमध्ये धुराडं हा तुटणारा आणि बदलला जाणारा भाग, कुणीतरी दुसऱ्या डब्यातलं चिकटवलेलं असू शकतं, त्यामुळे झडपांवर माझा विश्वास जास्त, त्या बॉडीच्या साच्यातच असतात, त्या कोण बदलणार.

आणि बोगी सर्वात शेवटी. एस-१ एस-२ ला ब्लंट बोगी, अल्कोच्या जेम्स ब्लंट यांच्या डिझाइनची. एस-३ एस-४ ला एएआर (अमेरिकन रेल्वे संघटना) टाइप ए, जी ईएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या शंटरना पण असायची, म्हणून ती ओळखीची वाटते. एचओ मॉडेलमध्ये साइडफ्रेम बहुतेक वेळा नुसत्या प्लास्टिकच्या क्लिपवर बसवलेल्या असतात, नखाने ओढली तर हातात येते. दोन मिनिटांत एस-२ चं एस-४ होतं.

सालं पण लिहून ठेव: एस-१ आणि एस-२ १९४० पासून १९५० पर्यंत बनली, एस-४ १९४९ ला आलं आणि एस-३ १९५० ला. म्हणजे १९४८ च्या यार्डात एस-३ आणि एस-४ चालायचा प्रश्नच नाही, तेव्हा ती जन्मालाच आली नव्हती.

लांबी मोजलीस ते छान पण त्याने काही कळणार नाही, चौघांची लांबी जवळजवळ सारखीच, साडेपंचेचाळीस फुटांच्या आसपास.

फोटो थोडे तिरके आहेत त्यामुळे झडपा नीट कळत नाहीयेत. इंजिन अगदी बाजूने, कॅमेरा हूडच्या उंचीला आणून, खिडकीच्या उजेडात काढ आणि परत टाक. फ्लॅश नको.


सीडरहिलचा_भाडेकरू:

ताई, एकदम डोक्यात प्रकाश. फोटो परत टाकलेत.

०९५४ ची खिडकी उभी. ०९५९ ची आडवी, एवढी आडवी की आता मला कळत नाही की काल मला ही दोन सारखी कशी दिसली.

म्हणजे ०९५४ ६६० वालं, बोगी एएआर. ०९५९ १००० वालं, बोगी ब्लंट, म्हणजे एस-२. दुसऱ्याबद्दल भांडण नाही. पण पहिलं मग एस-३ का, एएआर बोगी बदललेलं एस-१? बॉडीवरून कळेल का?

रंकाळा, चहा पिऊन आलो. आल्याचा होता.


जर्सीची_ताई:

बॉडीवरून नाही कळणार. शेवटी-शेवटी बनलेलं एस-१ आणि एस-३ यांची बॉडी आणि केबिन बघून सांगता येण्यासारखा फरक नाही. तिथे बोगीच सांगते, आणि बोगीवर तर मी आत्ताच अविश्वास दाखवला. त्यामुळे बाकीचे पुरावे शोधायला लागतील.


पाना_आणि_पक्कड:

नमस्कार. मी डिझेल शेडमध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे, पुण्यात असतो. मॉडेलचं मला फार कळत नाही, नातवाबरोबर कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहिलं तेवढाच संबंध. पण बोगीबद्दल ताई जे म्हणतायत त्यावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

आधी एक गंमत. आपल्याकडे लोक डब्याला बोगी म्हणतात, "आमची बोगी एस-सात" वगैरे. शेडमधला माणूस बोगी म्हणतो तेव्हा डबा नाही, खालची चाकं, अॅक्सल, मोटर, स्प्रिंग यांची अख्खी गाडी. अमेरिकन त्यालाच ट्रक म्हणतात. सुरुवातीला इंग्रजी मजकूर वाचताना मला वाटायचं की इंजिन ट्रकवर घालून नेतायत.

तर बोगी ही इंजिनाची नसते, शेडची असते असं समजा. एखाद्या इंजिनाची ट्रॅक्शन मोटर गेली किंवा चाकं घासून गेली तर ते इंजिन दुरुस्ती होईपर्यंत अडवून ठेवत नाहीत, बॉडी जॅकवर उचलायची, बोगी खालून बाहेर ढकलायची, तयार असलेली दुसरी आत ढकलायची, बॉडी खाली सोडायची, केबल आणि पाइप जोडायचे, इंजिन कामाला. काढलेली बोगी सवडीने दुरुस्त होते आणि मग तिसऱ्याच इंजिनाखाली जाते. वीस वर्षं चाललेल्या इंजिनाच्या खाली पहिल्या दिवशीची बोगी असेल असं मी तरी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. अमेरिकेतही शेड म्हणजे शेडच, तिथे फार वेगळं असेल असं वाटत नाही. अर्थात जुळणारी बोगी लागते, कुठलीही कुठेही बसत नाही.

दुसरं, टर्बोबद्दल. ताईंनी बरोबर सांगितलं आहे. आमच्याकडे जे डब्ल्यूडीएस-६ शंटर होतं त्यातही अल्कोचंच इंजिन, पण ५३९ नाही, त्याच्या पुढच्या पिढीतलं २५१, सहा सिलिंडर एका ओळीत. ते सहा अॅक्सलचं, चांगलं दांडगं. ड्रायव्हरने थ्रॉटल एकदम ओढला की आधी काळा धूर, मग टर्बो वेग घेतो, मग धूर साफ. डिझेल लगेच पडतं पण टर्बोला फिरायला वेळ लागतो, तोपर्यंत हवा कमी पडते, म्हणून तो काळा लोट. शेडमधल्या पोरांच्या पांढऱ्या शर्टाचे हाल त्यामुळेच. बिनटर्बोच्या इंजिनाचा धूर असा हबक्याने येत नाही.

माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेत अल्कोने १९५५ च्या सुमारास ५३९ बाजूला ठेवून हेच २५१ शंटरमध्ये घातलं, ते एस-६, ९०० हॉर्सपॉवर. म्हणजे आमच्या डब्ल्यूडीएस-६ चा तो चुलत भाऊ म्हणायचा. नावात सहा दोन्हीकडे, पण तो निव्वळ योगायोग.


रंकाळा_एक्सप्रेस:

काका लई भारी माहिती. माझी बोगी थिअरी घसरली म्हणायची, रुळावरून खाली. माफी.

पण एक विचारतो, ताई किंवा कुणीही सांगा. ईएमडी आणि अल्को लांबून कसं ओळखायचं? माझ्याकडे एक शंटर आहे, मामाने शिकागोहून आणलेलं, मी आजपर्यंत ते अल्को समजून चालवतोय आणि आता मला शंका यायला लागली आहे. नाकावर पुढे मोठी जाळी आहे, वर दोन धुराडी.


जर्सीची_ताई:

रंकाळा, पुढे नाकावरच मोठी जाळी आणि दोन धुराडी म्हणजे ईएमडी असायची शक्यता फार. अल्कोच्या एस चा रेडिएटर हूडच्या बाजूंना असतो, नाक पुढून बंद, वर दिवा. ईएमडीच्या जुन्या शंटरचा रेडिएटर नाकाच्या तोंडावर. (बाल्डविन ह्या तिसऱ्या कंपनीच्या शंटरची पण जाळी पुढे असते म्हणून मी छातीठोक सांगत नाही, फोटो टाक.)

आणि ईएमडीच्या आत शिरलास तर तिथे वेगळाच गोतावळा आहे. एसडब्ल्यू१ म्हणजे ६०० हॉर्सपॉवर, सहा सिलिंडर, धुराडं एक. एनडब्ल्यू२ म्हणजे १००० हॉर्सपॉवर, बारा सिलिंडर, धुराडी दोन. तिथवर ठीक. मग १९४९ ला एसडब्ल्यू७, १९५१ च्या आसपास एसडब्ल्यू९, १९५४ ला एसडब्ल्यू१२००, तिन्ही १२०० हॉर्सपॉवर, तिन्ही बारा सिलिंडरची, आणि फरक मुख्यतः आतल्या इंजिनाच्या आवृत्तीत, ५६७ए, मग बी, मग सी. बाहेरून बघायला हवेच्या फटींसारख्या बारीकसारीक खुणा, आणि त्यातही जुन्या शंटरच्या दारांची अदलाबदल झालेली. त्या तिघांवर मी बोलत नाही. मी तिथे सरळ रेल्वेची नंबरांची यादी उघडते आणि नंबरवरून मॉडेल बघते, त्यात काही कमीपणा नाही.

नंतरची दोन सोपी आहेत, एसडब्ल्यू१५०० आणि एमपी१५. १९७४ ला एमपी१५ आलं, त्याच्याखाली ब्लॉमबर्ग बोगी, ईएमडीच्या मेन लाइनवरच्या जीपी इंजिनांसारखी, म्हणून ते थोडं लांब आहे. आता तुम्ही म्हणाल ताई मगाशी बोगीवर विश्वास ठेवू नका म्हणाली आणि आता बोगीवरून ओळखते. पण इथे बोगीसाठी फ्रेमच लांब केलेली आहे, ती क्लिपवर बदलून जमत नाही. तोच फरक आहे दोन्हीत.

पाना काका, बोगी शेडची असते हे वाक्य मी आमच्या क्लबात वापरणार आहे, नाव तुमचंच सांगेन, म्हणजे पान्याचं.


०_ने_सुरू:

उशिरा आलो. न्यू हेवन दिसलं म्हणून थांबलो, माझं आवडतं दुखणं.

भाडेकरू, तुझ्या पहिल्या इंजिनाचं उत्तर त्याच्या अंगावरच लिहिलंय. ०९५४. न्यू हेवनच्या डिझेलचे नंबर शून्याने सुरू व्हायचे, कारण साधे नंबर वाफेच्या इंजिनांनी आधीच अडवलेले होते. आणि ०९३१ पासून ०९९५ पर्यंत सगळी एस-१, पासष्ट इंजिनं, क्लास डीईवाय-३, १९४१ पासून १९४९ पर्यंत टप्प्याटप्प्याने आलेली. ०९३१ च्या आधीचे काही नंबर अल्कोच्याच हाय-हूड शंटरचे, त्यांचं हूड एवढं उंच की ड्रायव्हरला पुढचं बघायला मान बाहेर काढायला लागायची, एस मालिकेत इंजिन फ्रेममध्ये खाली बसवल्यावर हूड खाली आलं. एस-२ त्यांच्याकडे फक्त बावीस, डीईवाय-५, नंबर ०६०० ते ०६२१.

तर बघ काय झालंय. ०९५४ हा एस-१ चा नंबर. बॉडी ६६० ची. म्हणजे नंबर आणि बॉडी जुळतात, फक्त बोगी चुकीची. त्या आजोबांनी बहुतेक एस-३ चं मॉडेल मिळालं तेच रंगवून एस-१ चा नंबर दिला, किंवा साइडफ्रेम तुटली म्हणून हाताशी होती ती लावली. काहीही असो, तुला ब्लंट साइडफ्रेमची एक जोडी मिळाली की तुझं एस-१ तयार. पैसे वाया गेले नाहीत.

गडबड दुसऱ्यात आहे आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. ०९५९ पण एस-१ चा नंबर आहे. आणि त्याच्यावर बॉडी आहे एस-२ ची, आडव्या खिडकीची. धुराडं, झडपा, बोगी सगळं एकमेकांशी जुळतं, म्हणून सगळे म्हणाले ह्याच्याबद्दल भांडण नाही. जे मॉडेल बरोबर दिसत होतं तेच चुकीचं निघालं. त्याला ०६०० च्या घरातला नंबर दे, डेकल (चिकटवायचे आकडे) बदलायचं काम फक्त, अर्धा तास.

आता वाईट बातमी. केबिनवरचा मोठा एन, त्याखाली मोठा एच, काळा-नारिंगी-पांढरा रंग. हा पॅट्रिक मॅगिनिस अध्यक्ष झाल्यावरचा, ते १९५४ ला आले आणि हर्बर्ट मॅटरकडून ते नवीन चिन्ह करून घेतलं. १९४८ ला हे चिन्ह कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तेव्हा मॉडेल एस-१ असो नाहीतर एस-२, ह्या रंगात तुझ्या यार्डात दोन्ही सहा-सात वर्षं लवकर आलेले पाहुणे आहेत.


सीडरहिलचा_भाडेकरू:

अरे देवा.

मी दोन आठवडे बोगीकडे बघत बसलो आणि रंग समोर होता, बरोबर केबिनवर, अंगठ्याएवढा. आणि नंबरच्या आधीचा शून्य मी डिझाइन समजत होतो.

एक विचार असा आला की लेआउटचं सालच १९५६ करावं. तसं केलं तर दोन्ही चालतील. पण मग आय-५?


०_ने_सुरू:

नाही चालणार. न्यू हेवनने १९५२ ला वाफ पूर्ण बंद केली. १९५६ ला आय-५ भंगारात गेलेलं. चाळिशीची भेट कपाटात जाईल, आणि मग बायकोला काय सांगणार ते तू बघ, तिथे रोस्टर (इंजिनांची यादी) कामाला येत नाही.


रंकाळा_एक्सप्रेस:

भावा साल बदलू नको. घर मोडेल.


जर्सीची_ताई:

रंग काढून टाक. प्लास्टिक बॉडी चासीवरून वेगळी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेव, मधून-मधून जुन्या टूथब्रशने घास. बऱ्याच कारखान्याच्या रंगांना ते चालतं, पण आजोबांनी घरी कुठला रंग मारलाय ते माहीत नाही, म्हणून आधी केबिनच्या आतल्या बाजूला एका कोपऱ्यात कापसाने लावून बघ, प्लास्टिक चिकट झालं तर तिथेच थांब. घर हवेशीर ठेव, आणि बेसमेंटमध्ये पायलट (सतत पेटती छोटी ज्योत) असलेला वॉटर हीटर असेल तर तिथे अजिबात करू नकोस, गच्चीत नाहीतर अंगणात कर.

आणि नवीन रंग मारायच्या आधी १९४८ च्या आधीच्या तारखेचा, त्याच नंबरच्या इंजिनाचा फोटो शोध. तारीख नसलेला फोटो नको. पासष्ट इंजिनं टप्प्याटप्प्याने आलीत, तुझं ०९५४ १९४८ पर्यंत आलं होतं का तेही त्यातच कळेल.

आवाजाचा डिकोडर (मॉडेलमधून इंजिनाचा आवाज काढणारी चिप) घालणार असशील तर तेही बघून घे. एस-१ ला साधं ५३९ आणि एस-२ ला ५३९टी. टर्बोची शीळ एस-१ मधून आली की जाणकार माणूस मान वळवून बघतोच.


पाना_आणि_पक्कड:

ताई, टर्बोची शीळ कुठली आणि ब्लोअरची कुठली हे कळायला आम्हाला वर्ष लागलं होतं. बाकी बरोबर.


सीडरहिलचा_भाडेकरू:

ठरलं. साल १९४८ च. ०९५४ चा कोपरा काल कापसाने तपासला, रंग सुटतोय, प्लास्टिक ठीक आहे. ०९५९ ला मात्र मी हात लावत नाहीये. त्या आजोबांनी केबिनच्या आत ड्रायव्हर बसवलाय, बोटाच्या नखाएवढा, त्याच्या हातात कॉफीचा कप रंगवलाय आणि खिडकीला पिवळट काच लावलीय. चुकीचा नंबर, चुकीची बॉडी, चुकीचं साल, पण ते तसंच शेल्फवर राहू दे.

आता फक्त एचओ च्या ब्लंट साइडफ्रेमची एक जोडी पाहिजे. कुणाकडे तुटक्या एस-२ च्या पडलेल्या असतील तर सांगा, टपालखर्च माझा.


रंकाळा_एक्सप्रेस:

माझ्याकडे नाहीत. आणि मामाचं इंजिन बघितलं ताई, जाळी पुढेच आहे, दोन धुराडी, खालच्या बाजूला बारीक अक्षरात एनडब्ल्यू२ लिहिलंय. अकरा वर्षं अल्को म्हणून चालवलं. पोरांना काय सांगू आता.


जर्सीची_ताई:

भाडेकरू, माझ्याकडे आहेत. ज्या एस-२ ला मी एस-४ समजले होते ना, त्याच्यासाठी आणलेल्या. मेसेज कर.